सड्यावरचा हत्ती आणि ताईचा ड्रोन

अणुस्कुरा घाट उतरून पाचलच्या दिशेने निघालं की डोंगराची सावली मागे पडते आणि हवेला एकदम घामट ओल येते. तिथल्या एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. ताई गाडीतून उतरली ती मांडीवरची काळी पेटी छातीशी धरूनच. टपरीवाल्याने बाक पुसून दिला, पेटीकडे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा न राहवून विचारलं, "आत काय हाय, बाय?"

"भूगोल," ताई म्हणाली.

त्याला ते पटलं असावं, कारण पुढे त्याने काही विचारलं नाही. आमच्या बार्शीत एवढ्यावर कुणी थांबलं नसतं. पेटी उघडायला लावली असती, हातात घेऊन वजन पाहिलं असतं, "केवढ्याला पडलं?" हे तर आधीच विचारून झालं असतं. कोकणातला माणूस एक प्रश्न विचारतो आणि उरलेलं तुमच्या चेहऱ्यावर वाचत बसतो.

ताईचं उत्तर तसं थापेचं नव्हतं. तिने ३२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. डोंगर वरून कसा दिसतो हे फळ्यावर खडूने गोलात गोल काढून सांगितलं, समोच्च रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सौम्य. स्वतः मात्र तिने डोंगर वरून कधी पाहिला नव्हता. विमानात ती दोनदाच बसली, दोन्ही वेळा खिडकी दुसऱ्याच्या वाट्याला. २०१० साली उद्धव ठाकरे यांनी आकाशातून टिपलेल्या किल्ल्यांचं 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक आलं, तेव्हापासून शाळेच्या ग्रंथालयातली प्रत कपाटापेक्षा तिच्या टेबलावरच जास्त असे. एखादी माची दाखवून ती मुलांना म्हणायची, "ही बघा समोच्च रेषा. फळ्यावरची पुसली जाते, ही नाही."

पण तेव्हा वर जायला हेलिकॉप्टर लागायचं. २०२१ च्या सुरुवातीला, निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर, वयाच्या ६१ व्या वर्षी ताईने बांगड्यांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून ड्रोन आणला. वजन अर्ध्या किलोहून थोडं जास्त. नियमांच्या भाषेत 'मायक्रो'. घरात त्यावर एक दिवस भांडण आणि एक आठवडा अबोला झाला. मग भाऊजी स्वतःच बॅटऱ्या चार्जिंगला लावू लागले.

शिकण्याची जागा म्हणजे हरभऱ्याचं रान संपलं की लागणारा गावाबाहेरचा माळ. पहिल्या महिन्यात ड्रोन दोनदा बाभळीत अडकला. एकदा तो काढायला शेळ्या राखणारा पोरगा झाडावर चढला. बक्षिसाचे पैसे नकोत, एकदा उडवू द्या, म्हणाला. पहिल्याच खेपेला तो ताईपेक्षा बरा उडवून गेला. ताई त्या रात्री नीट जेवली नाही.

तिची अडचण सगळ्या नवशिक्यांची असते तीच होती. ड्रोनची पाठ आपल्याकडे असते तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. तो वळून आपल्याकडे तोंड करून परत यायला लागला की सगळं उलटं, अंगठा डावीकडे सारावा तर यंत्र उजवीकडे पळतं. साठीनंतर ही उलटापालट डोक्यात बसवणं जड जातं असं लोक म्हणतात. ताईला ती एका दुपारी जमली, कारण तिला अचानक कवायतीचा तास आठवला. मुलांसमोर तोंड करून उभं राहायचं आणि त्यांना "उजवा हात वर" सांगताना स्वतःचा डावा उचलायचा, हे तिने आयुष्यभर केलं होतं. त्या दिवसापासून ड्रोन तिच्या दृष्टीने पहिल्या रांगेतला एक विद्यार्थी झाला. अजूनही तो वाऱ्याने भरकटला की ती पुटपुटते, "रांगेत ये."

बाकी वय आहेच. सकाळी बोटं आखडलेली असतात, म्हणून उडवण्याआधी ती कोमट पाण्यात हात बुडवून घेते. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून पदर पुढे ओढून त्याचा आडोसा करते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई भर माळावर कुणाला तरी लाजते आहे.

एक गंमत मात्र कायद्याने केली. २५ ऑगस्ट २०२१ ला देशात नवे ड्रोन नियम आले. रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळवायला वयाची अट १८ ते ६५ अशी आहे. ताई आता ६६ ची. म्हणजे दहावी पास असूनही, किंबहुना कित्येकांना दहावी पास करूनही, हे एक प्रमाणपत्र तिला या जन्मी मिळायचं नाही. सुदैवाने दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला ते लागत नाही, फक्त पैसे घेऊन काम करता येत नाही. त्यामुळे गल्लीतल्या लोकांनी लग्नाची शूटिंग करता का म्हणून विचारलं की ती सांगते, "कायद्यानेच मला हौशी ठेवलंय."

राजापूरला आम्ही दुपारी पोचलो. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या बेचक्यातलं हे जुनं बंदर. इंग्रजांची वखार इथे होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, एवढं शाळेच्या पुस्तकाने आम्हाला दिलं होतं. उतरलो होतो त्या घरच्या जेवणाबद्दल पुस्तकात काही नव्हतं. मऊ भात, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. वाढणाऱ्या काकूंनी विचारलं, "वाढू का?" ताईने रीतीप्रमाणे "नको" म्हटलं आणि काकू खरंच पुढे गेल्या. देशावरच्या माणसाला कोकणात पहिला धक्का बसतो तो हा. आमच्याकडे पहिलं 'नको' हे बोलण्याची सुरुवात असते. पुढे निदान तीन वेळा आग्रह, एकदा शपथ आणि शेवटी ताटात न विचारता पडलेली अर्धी भाकरी. इथे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात. ताईने दुसऱ्या दिवसापासून सरळ "हो" म्हणायला सुरुवात केली.

आम्ही आलो होतो कातळशिल्पांसाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सपाट पठारांना सडा म्हणतात. या सड्यांवर आदिमानवाने कोरलेल्या हजाराहून जास्त आकृती गेल्या काही वर्षांत नोंदल्या गेल्या आहेत. माणसं, मासे, पक्षी, हत्ती, आणि आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडादेखील. गावकऱ्यांना त्यातल्या काही पूर्वीपासून माहीत होत्या, पांडवांनी एका रात्रीत खोदल्या म्हणून. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून बाकीच्या शोधल्या. २०२२ मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. ताईचं म्हणणं साधं होतं: जे चित्र जमिनीवर आडवं काढलंय ते उभ्याने पाहण्यात अर्थ नाही.

बारसूच्या सड्यावर मात्र पेटी उघडलीच नाही.

सडा म्हणजे काय ते तिथे पाय ठेवल्यावर कळलं. आमचा माळही ओसाड, पण त्याला माती असते, ढेकळं असतात. इथे पायाखाली एकसंध काळा-तांबडा दगड, त्यावर वाळकं पिवळं गवत आणि वर आभाळ. झाड नाही, सावली नाही, लांबवर काजूची एक रांग. मधोमध दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलेला. ताईने पेटीच्या कडीला हात लावला आणि गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या दोघी बायका थबकल्या.

"मोजणीला आलाव काय?"

आवाजात राग नव्हता, पण वाट पाहणारी शांतता होती. एप्रिल २०२३ मध्ये याच परिसरात रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा इथल्या बाया उन्हात जमिनीवर आडव्या झाल्या होत्या. शिवाय गेल्या काही वर्षांत सरकारच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणीही ड्रोननेच होते. शहरातल्या माणसाला ड्रोन म्हटलं की लग्न आठवतं, इथे जमीन आठवते. ताईने पेटी गाडीत ठेवली, परत आली, कातळावर बसली आणि वही काढून दोन वाघांचं चित्र पेन्सिलीने उतरवू लागली. भारे खाली ठेवून त्या दोघी तिच्या मागे उभ्या राहिल्या. "शेपूट इकडं वळलंय, बाय," एकीने दुरुस्ती सांगितली. अर्ध्या तासाने आम्ही निघालो तेव्हा एकीच्या माहेरचा रस्ता, दुसरीच्या मुलाचं मुंबईतलं भाडं आणि यंदा काजूचा मोहोर जळाल्याची हकीकत, सगळं आम्हाला ठाऊक होतं.

देवाचे गोठणे इथे वेगळीच फजिती. तिथे सड्यावर एक उभा मनुष्य कोरलेला आहे आणि त्या जागेची ख्याती अशी की होकायंत्राची सुई तिथे चुकीची दिशा दाखवते. सोबत आलेल्या गावातल्या पोराने खिशातून छोटं होकायंत्र काढून आकृतीवर ठेवलं. सुई वळली. दहा पावलं लांब नेलं, पुन्हा जागेवर. भूगोलाच्या बाईंचा चेहरा अशा वेळी पाहण्यासारखा असतो. तिने ते सात वेळा करून पाहिलं.

मग तिने ड्रोन जमिनीवर ठेवून नुसता चालू केला. फोनवर लगेच लाल अक्षरं, होकायंत्रात बिघाड. ड्रोन आपली जागा उपग्रहांकडून ओळखतो, पण तोंड कुठे आहे हे त्याला पोटातलं होकायंत्र सांगतं. दोन्हींचा मेळ बसला नाही की मोरीत पाणी गोल फिरत जातं तसा तो हवेत मोठमोठ्या घिरट्या घेत सुटतो आणि मग त्याचं काय होईल ते सांगता येत नाही. पोरगा म्हणाला, "उडवून तर बघा, मजा येईल." ताईने पाती मिटली. "मजा यायला माझ्याकडे दुसरा नाही," ती म्हणाली.

तीन दिवसांत दोन सडे झाले आणि ड्रोन एकदाही उडला नव्हता. मला वाटलं ती वैतागेल. ती उलट खुशीत होती. हौस म्हातारपणी लागली की तिच्यात एक फायदा असतो: कुणाला काही दाखवायचं नसतं. तिशीतला माणूस व्हिडिओ घेतल्याशिवाय परत गेला नसता.

कशेळीसाठी तिने दोन महिने आधीच लेखी विचारून होकार घेतला होता. कशेळी म्हणजे कनकादित्याचं गाव. सूर्याचं जुनं मंदिर, लाकडी खांब, कौलारू छप्पर, आणि शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट. रथसप्तमीचा उत्सव नुकताच आटोपला होता, मांडवाचे वासे अजून रचून ठेवलेले. उत्सवात आला असतात तर पालखी वरून घेता आली असती, असं पुजारी म्हणाले. माणसांच्या डोक्यावर ती कधीच उडवत नाही, हे ताईने त्यांना सांगितलं नाही, फक्त हसली.

पहाटे सहाला आम्ही सड्यावर होतो. ही वेळ ताईने मुद्दाम निवडलेली. कोरीव रेघा फार खोल नाहीत, डोक्यावर ऊन आलं की त्या दगडात विरून जातात. सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा प्रत्येक खाचेत सावली भरते आणि आकृती उठून दिसते. ही युक्ती विमानातून पुरातत्त्व शोधणाऱ्यांची. क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज संशोधकाने १९२८ मध्ये किलर या सोबत्यासह इंग्लंडमधल्या जुन्या वस्त्यांचं आकाशातून काढलेल्या फोटोंचं पुस्तक काढलं, त्यात अशा सावल्यांनीच गाडलेले तट आणि खंदक दाखवले होते. त्याहीआधी, १९०६ मध्ये, स्टोनहेंजचे फोटो बलूनमधून काढले गेले होते. ताईला हे सगळं पाठ आहे. थंडीत कुडकुडत ती मला ते ऐकवत होती, तोवर जागेचे मालक, ऐंशीच्या घरातले आजोबा, काखेत छत्री मारून आले.

कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. त्याच्याजवळ उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही, नांगराच्या तासासारख्या रेघा दिसतात. चपला काढून आम्ही एका रेघेवरून चालत गेलो, ती वळली, पुन्हा वळली, तेव्हा आजोबा म्हणाले, "आता तुम्ही सोंडेवर आहात." त्याच्या पोटात आणखी सत्तरहून जास्त आकृती आहेत, मासे, पक्षी, चार पायांची जनावरं, एकात एक घुसलेली.

सव्वासातला ड्रोन वर गेला. दहा मीटरवर अजून नुसत्या रेघा. वीसवर एक पाय. ताईने कॅमेरा सरळ खाली वळवला आणि अंगठा हळूच पुढे सारत राहिली. चाळीसच्या आसपास, जशा फळ्यावरच्या रेघा शेवटच्या बाकावरून एकदम डोंगर होतात, तसा पाठ, कपाळ, सोंड असा सगळा हत्ती पडद्यावर जमून आला. तिला पदर ओढायची गरज पडली नाही. आजोबांनी छत्री उघडून पडद्यावर धरली होती आणि स्वतः वाकून पाहत होते. कुणीच काही बोललं नाही.

ज्याने हा कोरला त्याने तो असा कधीच पाहिला नसणार, हे माझ्या तेव्हाच मनात आलं. ताईला दुसराच प्रश्न पडला होता. "फळ्याला नाक लावून मी रेघ काढायची ना, तेव्हा ती वाकडी होते की सरळ हे मला कळायचं नाही. मागे जाऊन पाहावं लागायचं. या सड्यावर शेवटचा बाक कुठाय?" आम्ही चौफेर पाहिलं. टेकडी नाही, उंच झाड नाही. सांगणारा कुठे उभा राहिला असेल? की सांगणारा नव्हताच, आणि १८ मीटरचं माप ज्याच्या त्याच्या पावलांतच होतं? ताईने हा प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे.

आजोबांना मात्र हत्तीचं कौतुक पाचेक मिनिटंच टिकलं. त्यांनी तो जन्मापासून पाहिला होता, लहानपणी त्याच्यावर भात वाळत घातलं होतं. "माझं घर येईल काय यात?" त्यांनी विचारलं. ताईने ड्रोन थोडा वर नेऊन कॅमेरा वळवला. कौलं दिसली, अंगणातलं तुळशीवृंदावन दिसलं. "ही बाव माझी. ही कलमं माझी, पायरी दोन, हापूस नऊ." मग त्यांचं बोट पडद्यावर एका रेघेवर थांबलं. जांभ्याचे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत, तिला इथे गडगा म्हणतात. "हा गडगा सरळ होता," ते म्हणाले. वरून पाहिलं तर तो दोन कलमांपाशी पोट काढून त्यांच्या बाजूला आत आला होता, अगदी फळ्यावर काढल्यासारखा स्पष्ट. जमिनीवरून रोज येता-जाता त्यांना तो कधी दिसला नव्हता. "त्याने सरकवलान," आजोबा हळू आवाजात म्हणाले आणि शेजारच्या घराकडे पाहिलं. छत्री पडद्यावरून बाजूला झाली होती.

नेमकी त्याच वेळी समुद्राकडून पांढऱ्या पोटाचा गरुड आला आणि ड्रोनच्या वर एक घिरटी घेऊन गेला. दुसऱ्या घिरटीला तो खाली आला. ताईने एका दमात यंत्र उतरवलं, बॅटरी निम्मी शिल्लक असताना. एरवी दोन बॅटऱ्या संपवल्याशिवाय ती हलत नाही. त्या दिवशी गरुड परत गेल्यावरही तिने पेटी पुन्हा उघडली नाही.

आजोबांनी घरी नेऊन फणसाची साटं आणि कोकम सरबत दिलं. निघताना म्हणाले, "बाय, तो फोटो पाठवा हां."

पुढे रत्नागिरीत पेटी बंदच होती. तिथल्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे, त्यामुळे शहरावर ड्रोनचं नावही काढायचं नाही. नकाशातली लाल वर्तुळं ताई माहेरच्या गावांसारखी पाठ ठेवते. शेवटच्या दिवशी उक्षीला गेलो. तिथल्या हत्तीभोवती चिऱ्याचा गोल कठडा बांधलेला आहे, गावाने लक्ष घालून जपलेलं ठिकाण. कठड्याला टेकून उभं राहिलं की हत्ती पुरा दिसतो. ताईने फोनवर एक फोटो काढला, बाकी वेळ कठड्यावर कोपर टेकून शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली. तिथे आलेल्या दोन कॉलेजच्या मुलांनी पेटी पाहून विचारलं, "मॅडम, ड्रोन आहे का? उडवा ना." "कशाला," ती म्हणाली, "दिसतोय की."

बार्शीला परतल्यावर एका रात्रीत तिने कशेळीचे ८४ फोटो कॉम्प्युटरवर उतरवून पाहिले. आजोबांचं घर, बाव, कलमं आणि गडगा ज्यात एकत्र होता असा एक फोटो त्यात फारच सुरेख आला होता, लांब सावल्या, कौलांवर तिरपं ऊन. भाऊजी म्हणाले, हाच मोठा करून पाठव. ताईने त्यावर दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी स्टुडिओतून बारा बाय अठराचा प्रिंट काढून आणला, पुठ्ठ्यात घातला आणि पोस्टाने कशेळीला पाठवला. हत्तीचा. त्यात गडगा येत नाही.